तुझ्या आवाजातली सूचना

प्रिय वल्लरी,

पत्र हाताने लिहितो आहे, कारण कॉम्प्युटर बिबवेवाडीच्या सुदर्शनकडे दुरुस्तीला आहे. तो आता कोरा होऊन परत येईल. तुझ्या आईने जाण्यापूर्वी स्वतःच्या आवाजात जे भरून ठेवलं होतं, तेही गेलं. सुदर्शनने खूप खटपट केली आणि मग माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हाच मी समजलो.

मला अडाणी समजू नकोस. तू शिकवलेलं सगळं पाठ होतं. खरी सूचना कुठल्याही वेबसाइटवर उगवत नाही, घाई करत नाही, फोन करा म्हणत नाही. तसलं दिसलं की कशालाही हात न लावता पान बंद करायचं. मंडईतले भाव बघताना ती लाल चौकट आली, तेव्हा मी हसलोच. शेजारच्या श्यामसुंदररावांना नमुना म्हणून दाखवायला बोलावणार होतो.

मग चौकट बोलू लागली, तुझ्याच आवाजात. आपला संगणक धोक्यात आहे, कृपया बंद करू नका. शेवटच्या शब्दांआधी छोटा विराम, आणि आवाज वर न नेता खाली. घाबरवायचं असेल तर ओरडू नये, हे वक्तृत्व स्पर्धेसाठी मीच तुझ्याकडून घोटून घेतलं होतं. तू छान लक्षात ठेवलंस. खराडीत कंपन्यांच्या सूचना रेकॉर्ड करतेस, एवढंच मला ठाऊक. वाटलं, पोरीनेच आपल्यासाठी काही सोय केली असेल. चौकटीने पुढे केलेला प्रोग्रॅम उतरवून घेतला, मागितली ती परवानगी दिली. त्याने 'दूषित' म्हणत एकेक फाइल पुसायला घेतली आणि मी हात बांधून बसून राहिलो. बंद करू नका, असं तू म्हणाली होतीस.

हातात कागद येतो, मी वाचते, असं म्हणशील. उच्चार निर्दोष आहेत. कागदावर काय लिहिलंय ते मात्र तू कधी वाचलेलं दिसत नाही.

आता मुद्द्याचं. आईने भरून ठेवल्या होत्या त्या तुझ्या लग्नाच्या मंगलाष्टका. स्वतः रचल्या, धाप लागत असताना गायल्या. मला उतरवून घेऊ दिल्या नाहीत; तू अंतरपाटाआड उभी असतानाच पहिल्यांदा ऐकाव्यास, ही तिची हौस. मला चाल आठवते, शब्द नाहीत. आज कार्यालयवाल्याने विचारलं, स्पीकरची व्यवस्था हवी का. हो म्हणालो. येताना तुझं ते खराडीतलं रेकॉर्डिंग घेऊन ये. अक्षता टाकताना तेच लावू.

तुझंच ऐकलेला,
बाबा