गच्चीवरचा दगड

६ ऑगस्ट, मंगळवार
रिसोडात आज आरक्षणाच्या मोर्च्यावर दगड आला. एकाचं डोकं फुटलं, दुकानं पटापट बंद! मी कुकर बंद करून आमच्या गच्चीवर धावले, तिथूनच काय ती पळापळ पाहिली. खाली उतरायची हिंमत झाली नाही — आणि म्हणे मी वार्ताहर!

आमच्यातले जुने वार्ताहर भागवतभाऊ, त्यांनी नेहमीसारखी बातमी लिहून पत्रकारांच्या ग्रुपवर टाकली. आमच्याकडची जुनी रीत — एकाने लिहायचं, बाकीच्यांनी मथळा बदलून आपापल्या पेपरला पाठवायचं. ‘भाजीवाल्या गंगूबाईच्या गच्चीवरून दगड.’ मीही पाठवली.

७ ऑगस्ट
सगळ्या पेपरांत तेच. टपरीवर एक जण म्हणत होता, “सारेच पेपरवाले खोटं लिवतीन काय?” दुपारी कोणीतरी गंगूबाईचा मळा तुडवला. भेंडी, चवळी, काही ठेवलं नाही.

८ ऑगस्ट
गेले एकदाची तिच्याकडे. वाटलं, पेपरवाली म्हटल्यावर अंगावर येईल. तिने आधी पाणी दिलं. मग बोट वर केलं.

“पाह्य ना बाई वर. मले गच्ची कुठी हाय? टिनं हायेत! काहून लिवलं असं?”

खरंच टिनं — नुसतं पत्र्याचं छप्पर. मांजर चाललं तरी वाजतील अशी. आम्ही एवढे शहाणे, पण एकानेही मान वर करून पाहिलं नव्हतं. लाज वाटली, फार लाज वाटली.

“घर पेटवतो म्हणून राह्यले लोकं. तूच सांग त्याहिले.”

मी फोटो काढला.

९ ऑगस्ट, नागपंचमी
भागवतभाऊंना फोन केला. “मले बी कोणं तरी सांगतलंच होतं ना! आता गप राह्य. तू एकटी कायले मधात पडून राह्यली?”

तरी खुलासा लिहून फोटोसकट पाठवला. छापला तरी भीती, नाही छापला तरी भीती.

१० ऑगस्ट
छापला! आतल्या पानावर, पण माझ्या नावानिशी. गंगूबाईचा फोन — काल तिच्या दाराशी जमलेली माणसं आज पेपर वाचून आली, टिनं पाहून परत गेली. “वाचलो वं बाई आमी!” मी ढसाढसा रडले.

संध्याकाळपासून मात्र एकच मोटारसायकल आमच्या दारावरून सारखी फिरतेय. शेजारच्या विमलबाईंनी मला पाहून दार लावून घेतलं. काय झालंय यांना?

११ ऑगस्ट, रविवार
ग्रुपवर नवी बातमी आली. सगळ्यांनी आपापल्या पेपरला पाठवलीसुद्धा. ‘दगड गंगूबाईच्या नव्हे, तिची बाजू घेणाऱ्या वार्ताहर वैजयंतीबाईंच्या गच्चीवरून.’

आमच्या घराला गच्ची आहे. आणि त्या दिवशी मी तिथे उभी होते.