गराशाची रिकामी जागा

बा,

मी एकाच हातानं लिहितेय, त्यामुळे कागद सरकतो आणि ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात. दुसरा हात कुठं अडकला आहे ते शेवटी सांगेन, सांगावंसं वाटलं तर. तू गेलास त्या वयाची मी केव्हाच झाले, तुझ्यापेक्षा म्हातारी झाले, आणि तरी तुझ्यावर चिडायला बसले की माझं वय अठराच्या पुढं जात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठं तरी गोड शब्द येईल अशी वाट बघत बसू नकोस. घरात आपण आपली तांड्याची गोरबोली बोलायचो, आईला याडी म्हणायचो. ती लिहायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणून तुझं बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते. तांड्याबाहेर तू तीच बोलायचास, आणि भांडायला ती चांगली आहे.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची, छप्पन-सत्तावनची गोष्ट. तांड्यानं मिळून डिस्पोजलची गाडी घेतली. लष्करानं मोडीत काढलेला तो मालट्रक आला तेव्हा बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. लांब नाकाची, मागं जोडीजोडीनं चाकं असलेली, शेवाळी रंगाची ती गाडी आपल्या झोपड्यांपेक्षा उंच होती. तिचा लोखंडी हौदा गंजून चाळण झाला होता. तो काढून कापूस वाहायला लाकडी हौदा बसवायचा ठरलं आणि ते काम तुझ्याकडे आलं, कारण तुझ्या आज्यानं लदेणी हाकली होती. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या माणसाचा नातू म्हणून तुला गाडीतलं सगळं कळतं, असं लोकांना वाटलं. तुलाही वाटलं, हे जास्त वाईट झालं.

तुला चित्र काढता येत नव्हतं. नायकाला आणि पंचांना दाखवल्याशिवाय लाकूड कापायचं नाही, असा तांड्याचा रिवाज. मग तू मला म्हणालास, "पोरी, तू लेकरांले खेळाच्या बैलबंड्या बनवून देतं ना, तशी एक गाडी बनव. पहिले हे मिल्ट्रीची हाय तशी, मंग तिच्यावर आपला हौदा." आणि यवतमाळच्या बाजारातून मला एक पटाशी आणून दिलीस. बोटभर पात्याची, शिसवी मुठीची. तू मला दिलेली ती एकच वस्तू, बा. लुगडं, बांगडी सगळं याडीनं दिलं. पटाशी तू दिलीस, आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं असं तू समजलास, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मी ते दिवस आठवते तेव्हा मला अजून बरं वाटतं, आणि त्याचा रागही येतो. सालईचं मऊ लाकूड घेऊन मी ओसरीत बसलेय. माप मीच ठरवलंय, गाडीचं जे एक हात ते माझं एक बोट. दोरीनं गाडी मोजायची, दोरी किती हात भरते ते बघायचं आणि तेवढी बोटं लाकडावर टेकवायची. चाकांसाठी शिंप्याकडची रिकामी रिळं कापली, आसासाठी मोडक्या छत्रीच्या काड्या. तू येता-जाता थांबतोस, खाली बसून नाकाकडून बघतोस, चाक बोटानं फिरवतोस. "लय साजरी झाली," म्हणतोस. भाऊ मागून म्हणतो, "मले हेच देऊन द्या, मोठी गाडी बा चालवन." आपण तिघंही हसतो. याडी चुलीपासून ओरडते की भुसा भाकरीत पडून राह्यला. असे आठ-दहा दिवस तू माझा बाप होतास. त्याआधी आणि त्यानंतर तू नुसता घरातला मोठा माणूस होतास.

मग हौद्याची वेळ आली. तू म्हणालास, केबिनच्या मागची जागा मोकळी सोड, हौदा ती जागा सोडून मागं शेपटीकडं वाढव. मी विचारलं, काहून? तू सांगितलंस. लदेणीच्या सगळ्यात पुढं गराशा चालायचा. कवड्यांची झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घंटा, आणि त्याच्या पाठीवर कुणी मूठभर दाणाही ठेवायचा नाही. तो देवाचा बैल. तांडा त्याच्या मागून जायचा आणि तो थांबला तिथं थांबायचा. आता बैल गेले, ही गाडीच आपला गराशा. "गराशाच्या पाठीवर ओझं टाकत नसते," तू म्हणालास, आणि ते म्हणताना तुझे डोळे भरून आले. तुझा तो कढ खोटा नव्हता. तो खोटा असता तर मी तुला केव्हाच सोडून दिलं असतं.

मी तू सांगितलास तसा हौदा केला. मध्ये रिकामी जागा, तिथं लाल फडक्याचा तुकडाही चिकटवला. आणि मग, काम झालं म्हणून, हौद्यात गोटे भरले. लेकरांच्या बंडीतही मी भरून बघायचे, कारण मागं ओझं जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे आपल्याकडं दुधपित्या लेकरालाही माहीत. माझी गाडी उलाळ झाली. मागची चाकं जमिनीवर, आणि पुढचं नाक हवेत. मी तुला हाक मारली, दाखवलं. म्हटलं, "बा, गराशा न्यारा बैल होता. मागचे बैल आपलं-आपलं ओझं घेऊन येत होते. हे तं एकच गाडी हाय. गराशाची पाठ रिकामी ठेवली तं त्याचंबी ओझं शेपटीवर येते." तू ऐकलंस. मला वाटलं, पटलं.

पंच बसले त्या संध्याकाळी तू गाडी मधोमध ठेवलीस आणि गराशाचं सांगितलंस. माणसं माना हलवत होती. म्हाताऱ्या नायकाचा तर हात कपाळाला गेला. मी बायकांत उभी होते. कुणी तरी विचारलं की भरल्यावर कशी दिसन, आणि मी पुढं झाले. मला वाटलं तूच मला बोलावशील, म्हणून मी गोटे ओच्यात घेऊन आले होते. मी ते भरले. गाडीनं नाक वर केलं आणि कलंडली. "पोरीनं तं गराशाले मागच्या पायावर उभं केलं रे," नायक म्हणाला, आणि सगळे हसले. ते गाडीला हसले, बा. तुला कुणी हसलं नव्हतं. पण तुझा चेहरा उतरला, तू गाडी उचलून काखेत धरलीस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "तुले बनवाले सांगतलं होतं, पाडाले नाही."

आणि तू तसाच हौदा करून घेतलास. यवतमाळच्या सुतारानं डोकं खाजवलं, पण तुझ्याशी वाद कोण घालणार. पहिल्या मोसमात तर तुझी छाती सदऱ्यात मावत नव्हती. कापूस फुगतो फार आणि वजनाला काही नसतो, गाडी नीट धावली. बॉनेटवर घंटा, कवड्या, रिकाम्या जागेत नारळ आणि लाल कापड. घाटंजीच्या बाजारात लोक वळून बघायचे. भाऊ चालवायचा, आणि एकदा जेवताना तो म्हणाला, "बा, चढावर स्टेरिंग हलकं लागून राह्यलं. चाक रस्ता धरत नाही." तू घास खाली न ठेवता म्हणालास, "हलकं लागते तं बरंच हाय, हात नाही दुखनार." भाऊनं माझ्याकडे बघितलं. अंगणात आला तेव्हा मला म्हणाला, "तू गोटे भरून दाखवले, बानं कापूस भरून दाखवला. आता म्या काय म्हनू?" मी म्हटलं, चालवू नको. तो म्हणाला, "मंग कोन चालवन, बा?" आणि हसला, पहिल्यासारखाच.

कापूस संपला की जिनिंगमधली सरकी आली. सरकीचं पोतं दोघांनी उचलावं लागतं. रिकाम्या जागेत एकही पोतं ठेवायचं नाही म्हणून सगळी मागं रचली, शेपटीपर्यंत. चढाच्या वळणावर भाऊनं स्टेरिंग फिरवलं आणि गाडी वळली नाही. पुढची चाकं रस्त्याला नीट टेकलेलीच नव्हती. वर बसलेले हमाल उड्या मारून वाचले. भाऊ केबिनमध्ये होता. माणूस सांगत आला तेव्हा याडी पीठ मळत होती, आणि तिनं हात धुतले नाहीत, तशीच पळाली. तिच्या हातावरचं ते पीठ वाळून पांढरं झालेलं मी दिवसभर बघत होते.

तिसऱ्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तुला काही तरी बोलायला हवं होतं. तू माझ्याकडे बोट केलंस. "हिनं पहिले पाडली. भरल्या पंचात पाडली, उलटी केली. मंग ते पडली." मग आत गेलास, माझी गाडी आणलीस आणि चुलीत घातलीस. सालई भर्रकन जळते. मी रडले नाही, कारण रडणंही माझ्या नावावर लागलं असतं. कुणी म्हटलं नाही की पोरीनं पाडली नव्हती, पडते म्हणून दाखवली होती. आणि त्यानंतर विहिरीवर बायका मी आले की दोर सोडून बाजूला होऊ लागल्या. लग्नघरात मला हळदीला हात लावू देईनात. वर्ष सरायच्या आत तू माझं लग्न नेरला लावलंस, कारण तिथं कुणाला माहीत नव्हतं. नवरा चांगला निघाला. त्यात तुझी काही हुशारी नाही.

आता खरं सांगते मी कशावर जळते ते. भाऊ गेला, ती तुझी चूक होती. माणसाची चूक होते, आणि ज्या जागेपायी ती झाली ती तुझ्यासाठी देवाची होती. तेवढ्यावर मी तुझ्याशी जन्मभर भांडले नसते. पण काही वर्षांनी नेरच्या कापसाच्या बाजारात मी ती गाडी बघितली. दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालेली. नाकावर तीच घंटा. मी भाजीची पिशवी खाली ठेवून जवळ गेले, आणि हौदा केबिनला चिकटलेला होता. गराशाची जागा फळ्यांनी भरली होती, नव्या फळ्या, जुन्यांपेक्षा फिकट. शेपटी कापून आखूड केलेली. मी त्या फळ्यांवरून हात फिरवला. तांड्यानं आता ठेवलेला ड्रायव्हर परका होता, म्हणाला, "काय पाह्यते बाई?" मी काय सांगणार. म्हणजे तुला कळलं होतं, बा. तू गाडी सुधारलीस आणि मला तशीच ठेवलीस. सुताराला सांगितलंस ते तांड्याला सांगायला तुला एक वाक्य पुरलं असतं.

तू त्यानंतर एकदा माझ्याकडे आलास. धोतर धुतलेलं, हातात तुरीच्या शेंगांचं गाठोडं. मी वाढलं, तू जेवलास, भाकरी चांगली झाल्याचं सांगितलंस. गाडी बरी चालून राह्यली म्हणालास. मी समोर बसले आणि विचारलं, "पुढची जागा भरून टाकली म्हनते?" तुझा हात ताटात थांबला. मी वाट बघितली. बाहेर नवरा सायकलचं पंक्चर काढत होता, त्याचा पंप मला अजून ऐकू येतो. मग तू म्हणालास, "पानी दे." मी पाणी दिलं. तू प्यालास आणि बसची वेळ झाली म्हणून उठलास. दारात थांबलास, वळलास, आणि छताच्या कौलांकडे बघून म्हणालास की पावसाळ्याआधी कवेलू फेरून घ्या. तेच शेवटचं. उन्हाळ्यात तू गेल्याचा निरोप आला आणि मी आले, सगळं केलं, आणि तुझ्या तोंडात पाणी घालताना मला तोच पेला आठवत होता.

या हिवाळ्यात मी ती गाडी पुन्हा बनवली. डोळे बरे नाहीत, पण पटाशी बरी आहे, धार लावली की अजून लोण्यात गेल्यासारखी जाते. हाताला बोट हेच माप. रिळं मिळत नाहीत आता, बाटल्यांची झाकणं लावली. आधी लष्करी, मग तिच्यावर तुझा हौदा, मध्ये रिकामी जागा, लाल फडकं. मला एकदा बघायचं होतं, कुणी हसायला नसताना. आज सकाळी टेबलावर ठेवून शेपटीपर्यंत गोटे भरले. नाक उचललं गेलं. मी खरी होते, बा. साठ वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघत होते, आणि ती झाली, आणि मी तुला हे सुनवायला कागद ओढला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा दुसऱ्या हाताचं सांगून टाकते. गाडी मागं कलंडायला लागली तसं माझं डावं बोट आपोआप तिच्या नाकावर गेलं आणि तिला खाली दाबून बसलं. ते अजून तिथंच आहे. तुझ्यासाठी नाही, उगाच समजू नकोस. पुढची चाकं रस्त्याला टेकलेली आहेत, आणि हाताला मुंग्या आल्यात, तरी मला ते काढवत नाही.