डिसेंबरातला पूर

नाशिक रोड,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. दादांस,
झुंबरचा शि. सा. न.

तुमचे कान फोनला दाद देत नाहीत, म्हणून हा कागद. घोटीला भाताची झोडणी आटोपली असेल. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, फक्त मी जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो, असं सुवर्णा म्हणते.

सोळा डिसेंबरला माजी सैनिकांचा मेळावा आहे. तिथे मांडायला मी एकाहत्तरच्या लढाईतला तुमचा पूल करायला घेतलाय, हे तुम्हाला भाऊबीजेला सांगितलंच. माणसं झाली. करंगळीएवढा एकेक जवान. तुम्हाला मिशा काढल्या आहेत. तुमच्यासोबतच्या, पुरात गेलेल्या निवृत्तीच्या खांद्यावर दोराची वेटोळी दिली. होड्या झाल्या, अर्धा पूल झाला. घोडं अडलंय ते पाण्यात.

हे पाणी म्हणजे खरं पाणी नव्हे. दोन बाटल्यांतलं काचेसारखं रेझिन असतं. ते मापात कालवायचं, पातळ थर द्यायचा, घट्ट झाला की वर दुसरा. मोबाइलवर बघून शिकलो, पण माप अंदाजपंचे घेतलं. त्यात ही थंडी. चार दिवस झाले तरी एकतारी पाकासारखं चिकटच. एक माशी बसली ती तिथेच राहिली. उकरून काढलं. दुसऱ्या वेळी काठाची चिकटपट्टी सुटली आणि अख्खी नदी टेबलावरून सुवर्णाच्या पोळपाटावर गेली. त्यावर ती काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता बल्बची ऊब देऊन तिसऱ्यांदा ओतणार आहे. तुम्ही नेहमी सांगता तसा पूर करणार. आपल्या गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागतं तेव्हा असतं तसं, तांबडं, फेसाळ. फेसाला कापूस पिंजून ठेवलाय. तरी रंग नक्की कसा होता तेवढं कळवा. नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं केसाएवढ्या रेघा तपासल्या, आता चुकीचं काही हातून जाईल या विचाराने जेवण गोड लागत नाही.

पेठच्या लंकाताईंनाही बोलावलंय. निवृत्तीच्या बायकोने ते आधी पाहावं, मग लोकांनी.

वहिनींना नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

आपला,
झुंबर

---

घोटी,
दि. १९ नोव्हेंबर

चि. झुंबरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रंग तांबडाच कर. फेस भरपूर दाखव. ओढ दिसली पाहिजे, बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशी. लंकाबाई येणार असतील तर पूर पाहिजेच पाहिजे. मला मेळाव्याला यायला जमेल असं वाटत नाही, गुडघे धरलेत. बाकी जास्त चौकशा करू नये. जुनं उकरून खत होत नाही.

सुवर्णेस आशीर्वाद. माया आहेच.

सावळीराम

---

नाशिक रोड,
दि. २५ नोव्हेंबर

ती. दादांस,
शि. सा. न.

रागावू नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. परवा फेस कसा वळतो ते बघायला दसकच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. गोदावरी गपगार. पानवेल पसरलेली, तिच्यावर बगळे चालत होते. तिथेच डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे आता नदी निजलेली, तर बंगालात डिसेंबरात पूर कुठून आला? पाऊस तर तिकडेही तेव्हा सरलेला असणार. मग त्या वेळचे फोटो शोधले. सगळीकडे पाणी हिरवट, संथ, वर पानवेल.

दादा, त्रेपन्न भाऊबिजा तुम्ही लंकाताईंकडे जाता आणि दर वेळी पुराची गोष्ट सांगता. मीही ती ऐकत लहानाचा म्हातारा झालो. आता हातात भांडं धरलंय आणि हात पुढे होत नाही. तेवढं खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही, गोदामाईची आण.

आपला,
झुंबर

---

घोटी,
दि. ३० नोव्हेंबर

चि. झुंबरास आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा. वाचून चुलीत घाल.

पूर नव्हता. नदीचा एक फाटा होता, आपल्या वावराएवढा रुंद. पलीकडे दोर न्यायचा होता. वरून नुसती पानवेल, पाण्याची हालचाल नाही. मी भातवाला माणूस. मला ते आपलं खाचर वाटलं. निवृत्ती काठावर घुटमळत होता, पेठच्या डोंगरातला तो, त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याची चेष्टा केली. म्हणालो की अरे गुडघाभर तर आहे, ह्यात आम्ही रोपं लावतो, उतर की मर्दा. तो हसला आणि उतरला.

ओरडला नाही. पाठीवर सामान होतं, खांद्यावर दोर. एकदाच बुडबुडे आले. पानं बाजूला झाली आणि परत जागच्या जागी आली. तिथं माणूस गेलाय असं वाटेना. मी उडी मारली, दोर हाताला लागला, तो नाही लागला.

त्या बाईच्या दारात उभा राहिलो तेव्हा कडेवर पोर होतं. तोंडातून पूर निघाला. पुरापुढे कुणाचं चालत नाही, हे तिला पटेल असं वाटलं. एकदा आलेला पूर मग ओसरेचना.

तेव्हा तू पूरच ओत. मी हात जोडतो. ती त्या पाण्याकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल, ते ह्या वयात सोसायचं नाही.

सावळीराम

---

नाशिक रोड,
दि. ४ डिसेंबर

ती. लंकाताईंस,
झुंबरचा सा. न.

मेळाव्याला गाडी पाठवतो, थंडीची शाल घ्या. एक विचारायचं होतं. माझ्या मॉडेलात सगळं झालंय, नदी तेवढी कोरडी आहे, पुराच्या फेसाला कापूस पिंजून ठेवलाय. दिवस थोडे उरलेत आणि रेझिन घट्ट व्हायलाच चार दिवस जातात. निवृत्तीदादांनी तिकडून कधी पाण्याबद्दल काही लिहिलं होतं का? नसेल तर नसू द्या, मी माझ्या समजुतीने ओततो.

नातीला, सायलीला आशीर्वाद. आपली माया राहू द्यावी.

आपला,
झुंबर

---

पेठ,
दि. ८ डिसेंबर

चि. झुंबरभाऊंस,
लंकाबाईचे आशीर्वाद. मी सांगते तसं सायली लिहिते. मध्येच ही रडायला लागली तर अक्षर हलेल, संभाळून घ्या.

लिहिलं होतं. त्यांचं शेवटचं पत्र माझ्या पेटीत हाय. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, गुरुजींनी वाचून दाखवलं, मग मला तोंडपाठ झालं. इकडची नदी चालतच नाही, निजून राहते. वर वेल पसरलीय, तिला जांभळी फुलं येतात, तुला आवडली असती. सावळ्या म्हणतो हे तर घोटीचं खाचर, इथं भात लावू. असं लिहिलंय.

पुढच्या वर्षी सावळीरामभाऊ दारात आले आणि पूर सांगायला लागले. मी पण शेतकऱ्याची लेक, कोणत्या महिन्यात पूर येतो ते मला शिकवायला नको. पण भाऊंनी बशीत ओतायचा चहा सगळा धोतरावर ओतला. पूर सांगता सांगता तेच वाहून चालले होते. काय घडलं ते मला नाय माहीत, पण भाऊंनी काय तरी केलंय, एवढं कळलं. पहिली दोन वर्षं लय राग धरला. त्यांनी आणलेला तांदूळ मी कोंबड्यांना टाकला. तिसऱ्या वर्षी पोराला भूक लागली होती, तेव्हा शिजवला. चांगला होता. तेव्हापासून शिजवतेच हाय. मी खरं बोलले असते तर ते यायचे थांबले असते, आणि आमच्या ह्यांच्याबद्दल बोलायला मला दुसरं कोण होतं?

तुम्हाला भाऊंनी काय सांगितलं ते मला सांगू नका. तुमच्या पत्रावरून कळलं की काय तरी सांगितलंय.

आता पाण्याचं. कापूस काढून टाका. निजलेलंच पाणी ओता. वर वेल, आणि तीनचार जांभळी फुलं तरी पाहिजेत. आणि झुंबरभाऊ, तुमच्या हातात कला हाय म्हणतात, तर एवढं करा. पाणी खाचरासारखं गुडघाभर दिसू द्या. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपण पण सहज उतरलो असतो.

घोटीला दुसरी गाडी पाठवा. भाऊ गुडघ्याचं नाव सांगतील, ऐकू नका. माझ्या शेजारी आणून उभं करा. ऐकू येत नसलं तर बरंच हाय, हात धरून उभी राहीन.

येताना तांदूळ आणा म्हणावं. ह्या भाऊबीजेचा संपत आलाय.

तुमची,
लंकाताई