खाकरून वर यायचं

अप्पा,

तुम्ही दिलेली पितळी किटली अजून माझ्या दुकानात आहे. मध्यंतरी मुलाने तिच्या जागी एक यंत्र आणलं होतं, बटण दाबलं की कागदी पेल्यात चहा सोडणारं. महिन्याभरात ते बंद पडलं. दुरुस्तीला माणूस पुण्याहून येणार होता. सोलापुरात शुक्रवार पेठेत चहा प्यायचा आणि त्यासाठी माणूस पुण्याहून यायचा. मी किटली चिंचेने घासून घेतली.

तुमच्या दुकानात एकच काळा फोन होता आणि त्याच्या तबकडीला तुम्ही कुलूप लावायचात. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि कुलूप लावायची सोय कुठंच नाही. सुनेने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलंय. जरा वेळ बसलो की ते थरथरतं आणि उठा म्हणतं. गादीवर बसून साड्या विकणाऱ्या माणसाला. रात्री मी कसा झोपलो तेही सकाळी मला तेच सांगतं. घराच्या दाराला डोळा असलेली बेल आहे. दूधवाला आला की ती मला दुकानात कळवते, दाराशेजारी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकोला कळवत नाही. एकदा आम्ही नवरा-बायको कुकरच्या शिट्टीबद्दल बोललो, तर संध्याकाळपासून फोनवर नुसते कुकर. तेव्हापासून बायको महत्त्वाचं काही असलं की कन्नडमध्ये बोलते. आपलं सोलापुरी कन्नड धारवाडच्या माणसालाही धड कळत नाही, त्या डबड्याला काय कळणार.

सरकारही मागे नाही. पोलीस ठाण्यात सगळ्या दुकानदारांना बोलावून साहेबांनी सांगितलं, प्रत्येकाने रस्त्याकडे तोंड करून कॅमेरा लावा, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. लावला. पुढे माझी स्कूटर दुकानासमोरून चोरीला गेली, ती माझ्या आणि शेजारच्या दोन दुकानांच्या कॅमेऱ्यांनी पाहिली. चोर तिन्हींत दिसतो, तोंडाला रुमाल बांधून, निवांत. स्कूटर काही मिळाली नाही. चोराने ती कुठंतरी नको तिथं उभी केली, त्याचा दंड मात्र फोटोसकट माझ्या फोनवर आला.

पण मी लिहायला बसलोय ते वरच्या मजल्याबद्दल. माढ्याहून मी आलो तेव्हा तुमच्याकडे लग्नाचे बस्ते वरच्या मजल्यावरच बांधले जायचे. पांढरी गादी, लोड, मधे साड्यांचा ढीग, आणि दोन्हीकडची माणसं. मग ती वेळ यायची. नवऱ्याकडची मंडळी नवरदेवाचे कपडे बघायला खाली जायची आणि नवरीकडच्यांना आपसांत बोलायचं असायचं. ते कुणी तोंडाने सांगत नाही. एखादी बाई पदराची घडी नीट करायला लागते, बाप साडीकडे बघतो पण साडी बघत नाही. तुम्ही लगेच उठायचात. "चहा आणतो," म्हणायचात, आणि आम्हा सगळ्या नोकरांना डोळ्यानेच उठवायचात. मालक स्वतः किटली घेऊन खाली जातो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परत येताना जिन्याच्या मधल्या वळणावर तुम्ही थांबायचात आणि मोठ्याने खाकरायचात. वरची कुजबुज थांबायची. मग तुम्ही वर.

एकदा मी तुमच्या आधी पेले घेऊन तसाच चढलो. तुम्ही खालून माझा सदरा धरलात. मी अजून त्या पायरीवर उभा आहे, हातात पेले, आणि तुम्ही हळू आवाजात विचारताय, "घसा हाय का न्हाय तुला?"

"हाय की अप्पा."

"मग वापर. आपण कापड विकतो. त्यांचं घर आपल्याला विकत नको."

माझे कान तिखट आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं. पेठेच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायचं ते मला इकडे ऐकू यायचं, आणि मी सांगितलं की तुम्ही ते हसून ऐकून घ्यायचात. जिन्यावर मात्र तुम्ही कधी हसला नाहीत.

आता माझ्या दुकानात वर कॅमेरा कसा आला ते ऐका. टाय लावलेला एक इसम आला. आमच्या कॅमेऱ्याला आवाजही येतो म्हणाला. गिऱ्हाईक आपसांत काय बोलतंय ते मालकाला खाली बसल्या जागी कळतं, मग माल दाखवायला सोपं. मी त्याला विचारलं, "त्याला खाकरता येतं का?" तो गोंधळला, मग म्हणाला पुढच्या मॉडेलमध्ये कदाचित. मुलगा हसला, आणि मी एकदा गावाला गेलेलो असताना वर कॅमेरा बसवून मोकळा झाला. "पप्पा, सगळे लावतात," म्हणाला. मी राहू दिलं. रोज रोज कोण भांडणार.

गेल्या महिन्यात टेंभुर्णीकडचा एक बस्ता आला. मुलगी शिकलेली, शांत. हिरवा शालू खांद्यावर टाकला तरी आरशाकडे बघेना. नवऱ्याकडची मंडळी खाली गेली. मावशीने मुलीचा हात धरला. मी किटली उचलली. नोकर उठले.

आठवड्याने कळलं, लग्न मोडलं, मुलीने नकार दिला. आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्या मुलाचा चुलता दुकानात हजर, सोबत साध्या कपड्यातला एक ओळखीचा हवालदार.

"शेठ, त्या दिवशीचं वरचं रेकॉर्डिंग लावा," चुलता म्हणाला. "पोरगी वर मावशीशी काय बोलली ते ऐकायचंय. कुणाचं तरी नाव घेतलं असणार की तिनं."

"नाव कळून काय करणार?"

"त्याच्या घरी जाऊन येतो. लई काय न्हाय."

हवालदार छताकडे बघत होता. माझ्या मुलाचा हात खिशातल्या फोनकडे गेला. सवयीने गेला, वाईट मनाने नाही. मी म्हणालो, "वरचा कॅमेरा शोभेला आहे. त्याची वायर उंदरांनी कधीच खाल्ली."

"मग लावलाय कशाला?"

"साहेबांनी सांगितलं होतं ना, कॅमेरे लावा. चालू ठेवा असं कुठं म्हणाले?"

हवालदाराला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. मी त्यांना म्हणालो, तक्रार नोंदवा, सही-शिक्क्याचा कागद आणा, वायरीसकट कॅमेरा काढून देतो. आणि बसा, चहा घ्या. चुलत्याने चहा घेतला नाही. हवालदाराने घेतला. जाताना चुलता म्हणाला, "शेठ, तुमी दुकानदार माणूस, तुमाला काय करायचंय दुसऱ्याच्या पोरीचं." मी म्हणालो, "तेच तर. मला काहीच करायचं नाही."

 ते गेल्यावर मुलाने फोन माझ्यासमोर धरला आणि त्या दिवसाचं सगळं पुसून टाकलं. न ऐकता पुसलं, माझ्यासमोर. त्याला मी शाबासकी दिली नाही, तुम्हीही मला कधी दिली नव्हती. स्टूल घेऊन तोच वर गेला आणि कॅमेरा काढला. भिंतीला दोन भोकं राहिलीत, त्यात त्याने देवाच्या वातींचा कापूस कोंबून ठेवलाय. बरं दिसतं.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "पप्पा, काय म्हणाली असेल हो ती?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. "मी चहा आणायला गेलो होतो."

हे पत्र मी हाताने लिहितोय. फोनवर लिहिलं तर माझ्या आधी तोच पुढचा शब्द सांगतो. आणि पाठवायचं कुठं हा प्रश्न आहेच. तुम्ही गेलात तिथला पत्ता घड्याळालाही ठाऊक नाही. लिहून झालं की चुलीत घालायची सोय राहिली नाही, गॅसवर धरीन. कारण मुलाला सांगितलं ते अर्धंच खरं आहे, अप्पा. चहा आणायला मी गेलो होतो. किटली भरून परतही आलो होतो, जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत, वर मुलगी बोलत असताना. ते नाव मला माहीत आहे. इथंही लिहीत नाही.

त्या दिवशी मी खाकरलो नाही.