तांबड्यावर तांबडी, काळ्यावर काळी

मु. पो. कोळार, जि. बीदर
मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

चि. शिवकन्या हिस गुंडेरावमामाचे भरपूर आशीर्वाद.

इकडं आम्ही बरे आहोत. मामीच्या गुडघ्याची सूज उतरली. (डाव्या. मागल्या खेपेला तू उजव्याची चौकशी केली होतीस.) तू जेवतेस का? कालपासून तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र कडक भाकरीच्या डब्यात घालून उद्या सकाळच्या सहाच्या बसनं कलबुर्गीला धाडतोय. गुरुवारी विद्यापीठाच्या समितीपुढं उभं राहून ‘माझं दोन वर्षांचं काम चुकलं’ असं सांगायच्या आधी हे पूर्ण वाच. मधलं गाळू नकोस, मधलंच महत्त्वाचं आहे.

आधी तुझा विषय मला जसा कळला तसा लिहितो, म्हणजे बोलणारा माणूस अडाणी नाही हे ध्यानात राहील. तुझी ती बिस्मथ सेलेनाइडची चकती आतून वीज जाऊ देत नाही, जाते ती नुसती पृष्ठभागावरून. (आमच्या धंद्यात अशी मोटर आली तर ओल धरली म्हणतात आणि उन्हात ठेवतात. तसं मी सुचवलं होतं, तू हसलीस, ते असो.) पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन ज्या दिशेला पळतात त्यावर त्यांची फिरकी (तुमचं ते स्पिन) ठरते. उलटे पळवले की फिरकीही उलटी. वर बसवलेल्या लोहचुंबकाच्या इवल्या पट्टीला ती फिरकी कळते. पट्टीची बाजू पालटली की व्होल्टेज एक पायरी चढतं किंवा उतरतं, आणि जी कुणाला दिसत नाही ती फिरकी व्होल्टमीटरवर सापडते. पण खरी परीक्षा पुढं आहे. प्रवाह उलटा सोडला की पायरीही उलटली पाहिजे. नाही उलटली तर ती फिरकी नव्हे, चुंबकाचीच दुसरी काही भानगड. हे तू मला एकदाच सांगितलंस आणि मी नववीपर्यंत शिकलेला माणूस आहे. बघ कुठं चुकलं का.

आता सोमवार. मी तुझ्या प्रयोगशाळेत आलो अकरा चाळीसला. सकाळची, सुलट प्रवाहाची पायरी झकास आली होती. तू यंत्राशी काही खटपट केलीस, ‘मामा, इथंच बसा, कशाला हात लावू नका’ म्हणालीस आणि तुझ्या गाईडना, शिवशंकरप्पा सरांना, बोलवायला गेलीस. मी बसलो. बसल्या बसल्या बघतो तर तांबड्या भोकात काळी वायर आणि काळ्यात तांबडी. एकतीस वर्षं मी मोटरी बांधतोय. माझ्या दुकानात असं दिसलं तर मी कारागिराला जेवायला सोडत नाही. पोरगी थकली असेल, झाली चूक, असं म्हणून दोन्ही वायरी जागच्या जागी लावल्या. सरांपुढं तुझी लाज कशाला काढायची, म्हणून गप्प राहिलो. (नंतर वायरी वेटोळं घालून पिशवीत ठेवल्या, त्याही मीच.)

सर आले, तू चालू केलंस, आणि पायरी सकाळसारखीच निघाली. सरांनी चष्मा काढला. ‘शिवकन्या, हे स्पिन नाही. गुरुवारी स्पष्ट सांगून टाक.’ तू खुर्ची सरळ केलीस आणि बाहेर गेलीस. मी मागनं येऊन तुला धीर दिला, की मोठमोठ्यांचं चुकतं. ते बोलणं मी परत घेतो.

कारण आज सकाळी संतपूरचा राघोबा दुकानात आला. ‘मिस्त्री, मोटर फिरायलीय, पण पाणीच येईना.’ मी म्हणालो, ‘उलटी फिरायली असंल. दोन वायरी अदलून टाक, झालं.’ हे वाक्य मी जन्मात काही हजार वेळा बोललो असेन. आज बोललो आणि चहाची बशी हातातच राहिली. प्रवाह उलटवायचं तुमचं बटण बिघडलंय असं तू जिन्यात म्हणाली होतीस. म्हणजे त्या वायरी तू मुद्दाम अदलल्या होत्यास.

‘कामून ओ, गप बसलाव?’ राघोबा म्हणाला.

‘न्हाई, कलबुर्गीत एक चीज सुलटी करून आलो. ती उलटीच पायजे होती.’

‘म्हंजे तुमच्याकडनं बी चुकतंय म्हणा की.’ यावर तो इतका खूश झाला की माझा उरलेला चहाही त्यानंच पिला.

तर शिवकन्या, उलटा प्रवाह सोडलाच गेला नाही. तू दोनदा सुलटाच मोजलास म्हणून दोनदा तेच आलं. (यावरून तुझं मोजमाप किती पक्कं आहे हेही सिद्ध होतं. हा मुद्दा समितीपुढं मांडायला हरकत नाही.) डबा मिळाल्याबरोबर वायरी पुन्हा अदल, पुन्हा मोज, आणि खोलीत कुणाला बसवू नकोस. पायरी उलटेलच असं मी म्हणत नाही. पण जे येईल ते तुझं असेल, माझं नाही.

तुझा,
गुंडेरावमामा

ता. क. सरांना घडलं ते सांग. ‘एका नातेवाइकाकडून’ असं मोघम नको. त्या खोलीत दुसरा नातेवाईक नव्हता, आणि तपशील असला की लोकांचा विश्वास बसतो.

आणखी ता. क. तू म्हणशील, मामानं सरळ सरांनाच फोन का केला नाही. नंबर आहे माझ्याकडं. सोमवारी तू बाहेर बसली होतीस तेव्हा सरांनी त्यांच्या घरच्या बोअरचा स्टार्टर कुरकुर करतो असं सांगितलं. परतताना मी तिथं गेलो, आणि आतल्या वायरीही रंगाप्रमाणं नीट लावून आलो. आज राघोबा यायच्या आधी सरांचा फोन होता, पाणी येतंय पण फार सुस्त. मी सांगितलं, जमिनीतलं पाणी खोल गेलंय. ते गेलेलं नाही, मोटर उलटी फिरतेय. शुक्रवारी सकाळी दहाला मी त्यांच्या स्टार्टरपाशी असेन. तेवढा वेळ त्यांना प्रयोगशाळेतून हलू देऊ नकोस. तुझी पायरी उलटली असेल तर ते आपणहून हलायचे नाहीत. नसेल उलटली तर काहीतरी विचारत राहा. मला पंधरा मिनिटं पुरतात.