धुऊन आलेला डबा

घोटी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. संतोषला आईचे अनेक आशीर्वाद.

मी इथं बरी आहे. लहानूमामा आणि मामी मजेत. भात कापायला आलंय, मजूर मिळेनात म्हणून मामाची दिवसभर चिडचिड चाललेली असते. पत्र बघून हसशील, आजकाल कोण लिहितं म्हणून. पण फोनवर मी "संतोष, जरा बोलायचंय" म्हटलं की लगेच तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून लिहायला बसले.

छातीत जड वाटतं का अजून? गोळ्या वेळेवर घेतोस ना? काल निकिताचा फोन होता, "आई, कधी येताय?" भाऊबीजेला आले तेव्हा आठ दिवसांत येते म्हणाले होते. आता सांगितलं, गुडघे धरलेत, एसटीत चढवत नाही. माझ्या गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. काल मामाच्या शेतापर्यंत चालत जाऊन आले.

का येत नाही ते तुला ठाऊक आहे.

तू दवाखान्यात होतास तेव्हा त्या डाएटवाल्या मॅडम आल्या. "दुपारी काय खाता रोज?" तू म्हणालास, "घरचाच डबा. आई करते." मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजी, तेल, तूप, दाण्याचं कूट किती घालत होतात हो?" निकितानेही माझ्याकडे पाहिलं. अरे देवा, ते पाहणं! जणू पहाटे उठून मी तुला आजारी पाडायच्याच कामाला लागत होते.

घरी आल्यावर तिने तुपाची बरणी, जवसाची चटणी, नागलीचं पीठ, सगळं कामवालीला देऊन टाकलं आणि स्वयंपाकाला बाई लावली. तिला दोष देत नाही. बँकेतून दमून येते बिचारी, नवऱ्याने जे सांगितलं तेच खरं धरणार. पण त्या दिवशी वेदिका शाळेतून भुकेली आली, मी तिला गरम थालीपीठ लावून दिलं, तर पोरीने ताटली सरकवली. "आजी, तुझ्या हातचं नको. पप्पांना त्यानेच अ‍ॅटॅक आला, मम्मी म्हणते." तू तिथंच सोफ्यावर बसला होतास. मोबाईलमधून मान वर केली नाहीस. ऐकलंस तू, संतोष. नाही ऐकलं म्हणू नकोस.

आता इतके दिवस गिळलेलं सांगते. मॅडम यायच्या आदल्या दिवशी तुझ्या कंपनीतला मुस्तकीम भेटायला आला होता. निकिता खाली औषधं आणायला गेली होती आणि तुझा डोळा लागला होता, निदान मला तसं वाटलं. त्याने माझे दोन्ही हात धरले. "मावशी, लय उपकार तुमचे. तुमच्या डब्यानं माझी शुगर लायनीवर आली. नागलीची भाकरी काय, मटकी काय, वा! संतोष बोलला, आई तुझ्यासाठीच पाठवते म्हणून. आमच्या नूरबानोला पण शिकवा ना."

मी विचारलं, "आणि संतोष काय खायचा रे?"

तो आपला भोळेपणाने हसला. "त्याचं ठरलेलं, मावशी. गेटसमोरची मिसळ, वरून तर्री, जादा पाव. नाय तर वडे."

मी तुझ्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलत होत्या.

रोज डबा धुऊन स्वच्छ यायचा. शेजारच्या शुभांगीला मी कौतुकाने सांगायचे, माझा लेक तुकडासुद्धा टाकत नाही. काय पण खुळी म्हातारी! मुस्तकीमवर माझा राग नाही, त्याच्या अंगी लागलं, बरं झालं. पण तुला नको होतं तर तोंड उघडायचं होतंस. "आई, भाकरी नको, पोळी दे" एवढंच. दिली असती रे. मिसळसुद्धा करून दिली असती, मोडाची, कमी तेलाची.

मॅडमसमोर मी गप्प बसले, कारण तुझ्या छातीला वायरी लावलेल्या होत्या. वाटलं, बरा झाला की स्वतःच सांगेल. तू बरा झालास, कामावर जायला लागलास, दिवाळी आली. फराळ विकतचा आणलात आणि माझ्याच घरात मी पाहुणीसारखा चिवडा खाल्ला. तू बोलला नाहीस.

आता म्हणे सकाळी दुधात पावडर ढवळतोस आणि तेवढ्यावरच पळतोस. वेदिकाने सांगितलं. असा पोट रिकामं ठेवून गेलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा त्या मिसळवाल्याच्याच दारात उभा राहणार, मला काय कळत नाही? घाई सगळ्यांनाच असते. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी एका शिट्टीत उसळ होते. पालेभाजी रात्रीच निवडून ठेवायची. भाकरी जमत नसेल तर पोळी खा, पण बसून खा. रागावले आहे तरी सांगते, कारण माझ्या डोळ्यांदेखत तुला काही झालेलं मला बघायचं नाही.

हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकणार होते. मग वाटलं, तू ते चुरगाळून टाकशील आणि घरी जाऊन म्हणशील, आईचे गुडघे अजून दुखतायत. म्हणून पाकिटावर निकिताचं नाव घातलंय आणि पत्ता तिच्या बँकेचा.

निकिता, तू आधी वाचते आहेस ना? बाई, तुझ्यावर माझा राग नाही. वाचून झालं की हे त्याच्या हातात दे. आणि आजीच्या हातचं खाऊन पप्पा आजारी पडले नव्हते, एवढं वेदिकाला तूच सांग. तिच्या बापाच्याने ते होणार नाही.

आई