हौदाजवळची माती

तीर्थरूप बाबा,
तुम्हा दोघांना इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. प्रयोगशाळेत दुपारी गरम जेवण मिळतं, तेव्हा आईने काळजी करू नये.

तुम्ही तपासायला पाठवलेली शेतातली माती पोचली. डबा उघडला तर आत जिवंत गांडूळ! आमच्या मोठ्या बाई चष्मा सावरत धावत आल्या. "इतकी सकस माती कित्येक वर्षांत पाहिली नाही," म्हणाल्या. मी नुसती हसले.

बाबा, त्या मातीत लसणाच्या साली होत्या. आई भाजीची देठं टाकते त्या हौदाजवळची ती माती. शेतातल्या दहा ठिकाणची मूठमूठ घ्या, असं मी बजावलं होतं. शाळातपासणीला मास्तर हुशार पोरं पुढे बसवतात, तसं केलंत तुम्ही.

शेतात शेणखत पडून किती वर्षं झाली? आईच्या हातावरचं पुरळ गेलं का? फवारताना दादा तोंडाला फडकं तरी बांधतो का? पालापाचोळा जाळू नका, जमिनीतच कुजू द्या, असं मी दिवसभर परक्यांना सांगते. दादाला सांगायला गेले की तो फोन तुमच्या हातात देतो.

रागावले नाही. मीही खोलीचा फोटो खिडकीच्या बाजूचाच पाठवते, ओल आलेली भिंत टाळून.

अहवाल सोबत आहे. डब्यावर तुम्ही 'शेत' लिहिलंत, म्हणून त्यावरही 'शेत : उत्तम' असंच छापलं गेलं. मला ते बदलता येत नाही. दादाला तेवढा दाखवू नका. त्याला वाटेल, फवारणीचा गुण आला.

तुमची,
धाकटी